ठिगळाची पालथी बाजू

१

मिस आयव्हीला पुरून आम्ही चर्चच्या ओसरीत परतलो होतो. कुणी अजून घोटभर पाणीही प्यायलं नव्हतं. तेवढ्यात कॅप ऑस्मन पुढे आले, पिशवीतून एक वस्तू काढली आणि पास्टर लिंटन यांच्या टेबलावर आदळली.

"हे घ्या. सीग्रेपच्या शेजारी वाळूत पडलं होतं. मी स्वतः बुडी मारून आणलं. या एवढ्याशा तुकड्यानं आपली आयव्ही नेली."

वहीच्या पानाएवढं इपॉक्सीच्या राळेचं ठिगळ होतं ते. एक बाजू बोटीच्या निळ्या रंगानं रंगवलेली. दुसरी नुसती चमकत होती, पातळ मधासारखी पिवळसर.

सीग्रेप म्हणजे कॅप ऑस्मन चालवत ती आमच्या चर्चची लाँच. रविवारी ती मुलांना घेऊन समोरच्या खडकबेटावर सहलीला निघाली आणि खाडीच्या तोंडाशी, जिथं ओढ सगळ्यात जास्त असते तिथं, भरून बुडाली. शर्यतीच्या शिडाच्या होड्या जवळ होत्या म्हणून मुलं वाचली. माझी तालियाही वाचली, कारण रविवारची शाळा घेणाऱ्या मिस आयव्हीनं तिला डोक्यावर धरून ठेवलं होतं. तालियाला होडीत ओढून घेतलं, आणि परत वळून बघतात तो खाली मिस आयव्ही नव्हती.

सीग्रेपच्या तळाला महिन्याभरापूर्वी ठिगळ लावलं होतं माझ्या भावानं, एल्डननं.

सगळ्या ओसरीनं त्याच्याकडे पाहिलं. तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. म्हातारा ह्यूबर्ट, जो अजूनही फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून बोटी बांधतो, तो मोठ्यानं म्हणाला, "मी सांगत होतो. बोटीला खिळा लागतो, कापूस लागतो, मेहनत लागते. डब्यातला डिंक नाही लागत."

"ह्यूबर्ट, आज नको," पास्टर म्हणाले.

"आज नाही तर कधी? पुढच्या मयताला?"

कॅप ऑस्मननी एल्डनच्या खांद्यावर हात ठेवला. "पोराला बोलू नका रे. चूक कुणाकडूनही होते. लाकूड नीट घासलं नसेल, तेलकट राहिलं असेल. शुक्रवारी सॅन आंद्रेसहून बंदराचा साहेब येतोय, त्याचं तो बघेल."

किती मायेनं बोलले! मी तिथंच तालियाला कडेवर घेऊन उभी होते. रविवारपासून ती कडेवरून खाली उतरत नव्हती आणि धड बोलतही नव्हती. पहिल्या दिवशी तापात एवढंच बडबडली होती: "आई, फेस आला होता. बोट अंघोळ करत होती."

एल्डननं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. माझ्या सख्ख्या भावाच्या आळसानं माझी मुलगी पाण्यात गेली, हे माझ्या मनानं त्या क्षणी लिहून टाकलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पास्टरांच्या टेबलावरून ते ठिगळ उचललं. ते म्हणाले, "लोइडा, ते साहेबासाठी ठेवलंय."

"साहेबाच्या आधी ते माझ्या भावाला दाखवायचंय," मी म्हटलं. माझा चेहरा बघून त्यांनी बायबल उघडलं आणि उगाच पानं चाळत बसले.

एल्डनच्या शेडच्या दारावर कुणीतरी सडलेला मासा खिळ्यानं ठोकला होता. आत तो उलट्या बादलीवर बसला होता. हत्यारांना हातही लावलेला नव्हता. मी ठिगळ त्याच्या मांडीवर फेकलं.

"बघ. नीट बघ. हे तू लावलंस. यावर माझी मुलगी बसली होती."

"मला आठवत नाही गं," तो म्हणाला.

"काय आठवत नाही?"

"घासलं की नाही. दर वेळी घासतो मी. पॉलिशपेपर मारतो, धूळ पुसतो, मगच राळ लावतो. हात आपोआप करतात. म्हणूनच त्या दिवशीचं वेगळं काही आठवत नाही. कदाचित त्याच दिवशी राहिलं असेल." त्यानं हातांकडे पाहिलं. "राळ चांगली होती, ते नक्की. त्याच डब्यातली उरलेली कॅपना दिली होती, त्यांच्या पाण्याच्या टाकीची चीर बुजवायला. टाकी टिपूसही गळत नाही. म्हणजे दोष माझ्याच हातांचा."

मला त्याचा इतका राग आला! निदान भांडला असता. ओरडला असता. मी ते ठिगळ पुन्हा उचललं, त्याच्या नाकासमोर धरलं आणि चमकती बाजू उजेडात आली.

मी मुख्य भूमीवर बारांकियाला शिकून आले. चार बुकं शिकल्याचा फायदा काय, तर बेटावर सगळे मला 'मास्तरीण' म्हणून चिडवतात. आणि आई झाल्याचा फायदा म्हणजे कुठलीही वस्तू हातात आली की तिला आधी उलटसुलट करून बघायची सवय. टोक आहे का, सुटा भाग आहे का, गिळण्याजोगं काही आहे का.

मी ठिगळ उलटसुलट केलं.

"एल्डन, घासायचं राहिलं तर ही राळ लाकडाला चिकटत नाही. बरोबर?"

"तेल असलं, मेण असलं, ओल असली तर नाही धरत. सोलून निघते."

"निघाली तरी लाकडाचा छाप उठेल ना तिच्यावर?"

त्यानं ठिगळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "उठणारच. राळ पातळ असते, रेषारेषांत जाते. माझ्या हातमोज्यावर सांडली तर वाळल्यावर त्याची शिवण दिसते तिच्यात."

"सीग्रेपची फळी कशी आहे?"

"जुनी. खडबडीत. रेषा बोटाला लागतात."

मी त्याचं बोट धरलं आणि ठिगळाच्या पिवळ्या बाजूवरून फिरवलं. लाकडाची एकही रेषा नव्हती. काचेसारखं गुळगुळीत, आणि त्यावर नखाला जाणवतील न जाणवतील अशा बारीक तिरक्या उंच रेघा. शिवाय एका कडेनं सरळ, जाडसर कंगोरा.

एल्डननं स्वतःच ते बोट पुन्हा फिरवलं. "मग हे..."

"हे ठिगळ लाकडावर कधी बसलंच नव्हतं," मी म्हटलं.

३

मग ते बसलं होतं कशावर?

एल्डन आता बादलीवरून उठला होता. "राळ सगळ्याला चिकटते," तो बोटं मोडत सांगू लागला, "लाकडाला, लोखंडाला, दगडाला, माझ्या केसांना. नाही चिकटत ती मेणाला. आणि त्या चिवट प्लास्टिकला, ज्याच्या बादल्या असतात, डबे असतात. त्यावर सांडली तर वाळून टिचकीनं उडते."

"म्हणजे कुणीतरी प्लास्टिकवर ती ओतली, वाळवली, सोलली, निळी रंगवली. आणि वाळूत सापडली म्हणून सांगितलं."

"सांगितलं तर कॅपनी," एल्डन म्हणाला आणि स्वतःच दचकला. "नाही, नाही. कुणीतरी आधीच खाली टाकलेलं कॅपना सापडलं असेल. लोइडा, त्यांनी मला पोहायला शिकवलंय."

"मलाही शिकवलंय."

मला दोन माणसं आठवत होती, एल्डनचं वाईट चिंतणारी. एक ह्यूबर्ट. दुसरा सिल्व्हियो, मुख्य भूमीवरून आलेला दुकानदार, ज्याच्याकडून बेटावर राळ मिळते. त्यानं खराब माल खपवला असेल आणि आता दोष झटकत असेल तर? तालियाला कडेवर घेऊन मी आधी त्याच्या दुकानात गेले.

"काय गं लोइडा, चढ्या आवाजात यायचं कारण?"

"अजून मी बोललेसुद्धा नाही."

"चेहरा बोलतोय." त्यानं तालियासमोर गोळी धरली. तिनं तोंड माझ्या मानेत खुपसलं. "हे बघ, माझा माल चोख आहे. आम्ही पलीकडून आलेले पान्या लोक म्हणजे तुम्हाला चोरच वाटतो. पण डबे बंद असतात, वर तारीख असते."

"कुणाकुणाला विकलेत?"

"तुझ्या भावाला. दुसरं कोण घेतंय इथं?" मग तो घुटमळला. "आणि एक गिऱ्हाईक आहे. पण त्यानं शपथ घातलीय."

"सिल्व्हियो, माझी मुलगी बुडता बुडता वाचली. शुक्रवारी माझ्या भावाला नेतील. तुमच्या गिऱ्हाइकाच्या शपथेचं मी लोणचं घालू?"

त्यानं दाराबाहेर बघून घेतलं, काउंटरवर ओणवा झाला आणि कुजबुजला, "ह्यूबर्ट."

४

ज्या माणसानं आयुष्यभर राळेला डब्यातला डिंक म्हटलं, त्याला राळ कशाला हवी होती?

ह्यूबर्टच्या अंगणात अर्धी बांधलेली होडी उभी होती. मी फाटकातूनच ओरडले, "अंकल ह्यूबर्ट, इपॉक्सीचा डबा कुठाय?"

तो हातोडा घेऊन धावतच आला. "हळू! हळू बोल, अवदसे!"

"कुठाय?"

"कुणी सांगितलं? त्या पान्यानं? त्याची जीभ झडो." इकडेतिकडे बघत तो मला होडीच्या मागे घेऊन गेला. होडीच्या कण्याच्या सांध्यातून मधासारखी राळ डोकावत होती आणि तिच्यावर कापूस नीट ठोकून बसवला होता, बाहेरून दिसावा म्हणून.

"हात कापतात आता," तो म्हणाला. "कापूस धरत नाही पूर्वीसारखा. सांध्याला आधी राळ लावतो, वरून कापूस. झालं समाधान? जा, सांग सगळ्या गावाला. ह्यूबर्ट आर्चबोल्ड लबाड आहे."

रागातही मला हसू आलं. "आणि माझ्या भावाला शिव्या घालता?"

"तो उघड उघड लावतो म्हणून घालतो." मग त्यानं ठिगळ माझ्या हातातून घेतलं, उन्हात धरलं, नखानं रेघा खरवडून पाहिल्या. त्याच्या कपाळाला आठी पडली. "या सुरीच्या खुणा आहेत. आणि हा कंगोरा म्हणजे पन्हळ. रक्त वाहून जायची पन्हळ. पोरी, हे मासळीच्या पाटावर ओतलंय."

मी कपाळावर हात मारला. रोजच्या डोळ्यांसमोरची वस्तू! आमच्या धक्क्यावर प्रत्येक घराचा मासळी कापायचा पाट असतो, जाड पांढऱ्या प्लास्टिकचा, माणसाच्या बाजूच्या कडेला पन्हळ कोरलेला. त्यावर राळ कधीच धरणार नाही. पण वर्षानुवर्षांच्या सुरीच्या चिरा जशाच्या तशा उचलेल.

"मग चला, सगळे पाट तपासू."

"वेड लागलंय का?" ह्यूबर्ट ओरडला. "दुसऱ्याच्या पाटाला हात?"

तो ओरडला ते खरंच होतं. आमच्याकडे नवरा उसना मागितला तर लोक हसतील, पण पाटाला हात लावला तर बोलणं तोडतील. पाट ज्याचा त्याचा. माणूस मेला की त्याचा पाट ओहोटीबरोबर समुद्रात सोडायचा. जिवंत माणसाच्या पाटाला परक्यानं शिवायचं म्हणजे त्याला मेला म्हणण्यासारखं. एकाच्या पाटाला हात लावून मी चुकले असते, तर दुसऱ्याच्या जवळ मला कुणी फिरकू दिलं नसतं. आधी माणूस ठरवायला हवा होता.

मी ठिगळ होडीच्या कडेवर ठेवलं, पन्हळीचा कंगोरा माझ्याकडे करून. रेघा माझ्या उजव्या हाताकडून निघून डावीकडे वर चढत होत्या.

"उजव्या हाताचा माणूस," मी म्हटलं. "सुरीची मूठ उजवीकडे पोटाशी, टोक डावीकडे पुढे."

"म्हणजे अख्खं बेट," ह्यूबर्ट म्हणाला. "मीसुद्धा. तुझा भाऊसुद्धा. एकटा ऑस्मन सुटला, तो डावखुरा."

५

परतताना धक्क्यावरून गेले. कॅप ऑस्मन आपल्या पाटावर लाल मासा साफ करत होते, डाव्या हातानं, सफाईनं. लहानपणी आम्ही त्यांना चिडवायचो की कॅपच्या घरचा मासा उलटा पोहतो.

"ये पोरी. तालियाला नारळाचा पाव देऊ?" त्यांनी हात धुतले आणि पावाचा तुकडा पुढे केला. तालियानं माझा गळा इतका आवळला की मला ठसका लागला.

"कॅप, खाली बोट कशी पडलीय? भोक केवढं आहे?"

"ठिगळाएवढंच. बरोब्बर ठिगळाच्या जागी. तू नको विचार करूस. पाण्याला ओढ फार आहे, दुसऱ्या कुणी उतरू नये म्हणून मी बजावून ठेवलंय. साहेबालाही मीच सांगेन."

साहेब स्वतः उतरणार नव्हताच. त्याच्या बुटांना पॉलिश असतं.

"शनिवारी बोट ठीक होती?"

"शनिवारी?" त्यांनी सुरी पुसली, एकदा, पुन्हा एकदा. "शनिवारी ती नांगरावर होती. का गं?"

"सहज."

मी घरी आले. हाती काहीच लागलं नव्हतं. जो माणूस खाली उतरला होता तो डावखुरा, आणि ठिगळ उजव्या हाताचं. चुलीवर कढई ठेवली, जॉनीकेकचं पीठ मळायला घेतलं आणि पिठावर राग काढू लागले. नवऱ्याचा जहाजावरून फोन आला, "शांत हो," म्हणाला. मी फोन ठेवून दिला. शांत व्हायला तो दर्यावर आहे तेवढा पुरे.

तालिया पहिल्यांदाच कडेवरून उतरून टेबलाखाली बसली होती. मी तिला पिठाचा एक गोळा दिला, हात गुंतावेत म्हणून. तिनं तो बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या झाकणावर थापला. त्या झाकणावर गलबताचं उठावाचं चित्र आहे, शिडं फुगवून उजवीकडे निघालेलं. तिनं पीठ सोलून काढलं, उलटं केलं आणि माझा झगा ओढला.

"आई, बघ. बोट परत येतेय."

रविवारनंतरचं तिचं पहिलं धड वाक्य. मी खाली वाकले. पिठातलं गलबत डावीकडे तोंड करून निघालं होतं.

मी पिठाच्या हातांनीच ठिगळ उचललं. गाढवीण मी, शिकलेली गाढवीण! छाप नेहमी उलटा उठतो. ठिगळावर ज्या रेघा उजवीकडून चढत होत्या, त्या पाटावर डावीकडून चढत असणार. सुरीची मूठ डाव्या हातात.

बेटावर डावखुरे पुष्कळ असतील. धक्क्यावर पाट असलेला डावखुरा एकच होता. राळही त्याच्याकडे होती, माझ्या भावानं प्रेमानं दिलेली, टाकीची चीर बुजवायला.

"तालिया," मी तिला जवळ घेऊन विचारलं, "बोट अंघोळ करत होती म्हणालीस. कुठं आला होता फेस?"

"माझ्या पायाशी. पांढरा. मग पाणी आलं." ती माझ्या कानाशी लागली. "कॅप म्हणाले, पाय वर घे आणि कुणाला सांगू नको."

बोटीला फट पडली की किनाऱ्यापर्यंत येण्यापुरती ती बुजवायची जुनी युक्ती लहान पोरांनाही ठाऊक आहे. चिंधी आणि धुण्याचा साबण.

६

मिस आयव्हीचा पाट सोडायचा दिवस होता गुरुवार. त्या दिवशी कुणी मासळी कापत नाही. सगळी घरं आपापले पाट घासून धक्क्यावर ओळीनं मांडतात, मेलेल्याच्या पाटाला निरोप द्यायला. ओहोटी लागली, तिच्या भाच्यानं तिचा पाट पाण्यावर ठेवला, आणि तो हलतडुलत खाडीच्या तोंडाकडे निघाला, तिथंच, जिथं ती गेली. बायका गाऊ लागल्या. माझ्याच्यानं गाववेना.

गाणं संपल्यावर मी ओळीपुढे गेले.

"कॅप, तुमच्या पाटावर हे ठिगळ ठेवून बघायचंय."

कुणीतरी म्हणालं, "लोइडाचं डोकं फिरलं." पास्टर पुढे सरसावले.

कॅप हसले. "अगं, शोक झालाय तुला. घरी जा."

"हे ठिगळ लाकडाला कधी लागलंच नाही. बघा, एकही रेषा नाही लाकडाची. हे मासळीच्या पाटावर ओतलंय, डावखुऱ्याच्या पाटावर. माझं चुकत असेल तर ते बसणार नाही. मग मला बेटावरून घालवा."

"जिवंत माणसाच्या पाटाला हात लावू नकोस!" आता ते हसत नव्हते.

"मी लावत नाही. तुम्ही लावा. तुमचा पाट, तुमचा हात." मी ठिगळ त्यांच्यापुढे धरलं. "घ्या ना. वाळूतनं उचलताना नाही लाजलात."

त्यांनी हात पुढे केला नाही. सगळे बघत होते आणि हात पुढे येत नव्हता. तेव्हा ह्यूबर्ट म्हणाला, "आण इकडे. मी म्हातारा आहे, माझ्याशी बोलणं तोडलं तर मला विश्रांतीच मिळेल." त्यानं ठिगळ घेतलं, पन्हळीवर कंगोरा ठेवला आणि कडेनं सरकवू लागला. सरकलं, सरकलं, आणि एका जागी खट् करून बसलं. त्यानं ढकललं, ते हललं नाही. प्रत्येक चिरेत तिची रेघ जाऊन बसली होती.

"किल्ली कुलपात बसावी तसं," ह्यूबर्ट पुटपुटला. मग शर्ट काढून एका पोऱ्याच्या अंगावर फेकला. "मला होडी द्या. मी खाली बघून येतो."

"त्या ओढीत? या वयात?" पास्टर म्हणाले.

"ओहोटी संपत आलीय, थोडा वेळ पाणी उभं राहील. आणि या वयात बुडणं म्हणजे वेळेवर जाणं."

तो येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. एल्डन माझ्या शेजारी उभा होता. कॅप पाटाशी बसून होते, ठिगळाकडे बघत. ह्यूबर्ट परतला तो धापा टाकत, हातात निळ्या रंगाची एक घाण चिंधी. त्यानं ती पास्टरांसमोर पिळली. पिळताना तिच्यातून पांढरा चिकट चोथा आला. साबणाचा वास मलाही आला.

"कण्याला लागून फळी फुटलीय, हातभर. प्रवाळ अडकलंय फटीत, खडकावर घातलीय बोट. आणि याचं ठिगळ," त्यानं एल्डनकडे बोट दाखवलं, "पार दुसऱ्या बाजूला आहे. सुरी घातली, पाय लावून ओढलं. हरामखोर सुटत नाही. आजूबाजूची फळी निघेल, ते निघायचं नाही." त्यानं थुंकी टाकली. "चांगलं घासलं होतंस रे गाढवा."

एल्डन जागच्या जागी खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

कॅप बोलले ते पाटाकडे बघूनच. "शनिवारी सीग्रेप घेऊन शर्यतीचा मार्ग बघायला गेलो होतो. थोडी रम घेतली होती. खडक लागला. सांगितलं असतं तर बोट काढून घेतली असती माझ्याकडून. मला वाटलं, सहल होईपर्यंत साबण टिकेल. अपघात होता तो, लोइडा. तू तरी सांग यांना. अपघात होता."

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांना वाटत होतं मी विरघळेन. चर्चमध्ये असंच शिकवलंय.

"खडक लागला तो अपघात," मी म्हटलं. "साबणाच्या फटीवर माझ्या मुलीला नेऊन बसवलंत, फेस दिसला तेव्हा बोट वळवली नाहीत, तिलाच गप्प राहायला सांगितलंत, तो अपघात नव्हता. आणि ठिगळ ओतलंत ना कॅप, तेव्हा तर पाणी नव्हतं, घाई नव्हती. आयव्ही ओसरीत झाकून ठेवली होती, आणि तुम्ही उजेडात बसून शांतपणे रंग देत होतात."

त्यांनी डावा हात वर केला, मला थांबवायला की डोळे पुसायला, कळलं नाही. मी बघितलंही नाही.

शुक्रवारी साहेब आला. त्यानं पाट आणि ठिगळ एकत्र बांधून घेतले आणि कॅपना नेलं. धक्क्यावरच्या ओळीत ती जागा मोकळी आहे. पाट समुद्रात सोडलेला नाही, म्हणून ती भरता येत नाही. रोज मासळी कापताना प्रत्येकाला ती दिसते. दिसू दे.

पुढच्या आठवड्यात ह्यूबर्ट आमच्या दारात आला आणि करवतीनं कापलेला फळीचा तुकडा पायरीवर टाकला. वर एल्डनचं ठिगळ, जसंच्या तसं. "फळीसकट आणावं लागलं," म्हणाला आणि चहा न घेता गेला. एल्डन तो तुकडा मांडीवर घेऊन कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

मी आत तालियाला अंघोळ घालत होते. साबण हातात घेतला की ती अजून किंचाळते. मी साबण खिडकीतून बाहेर फेकला आणि नुसत्या पाण्यानं तिचे पाय चोळत राहिले, बराच वेळ, जोरजोरात, ती "आई, दुखतंय," म्हणेपर्यंत.